पुढच्याचें डोकें, मागच्याचा खेळ

फुटबॉलचा मोठा सामना असला म्हणजे कल्याण-डोंबिवलीकडील माणसें ठाणें स्थानकांत उतरतात, जिना चढून फलाट बदलतात आणि २००४ सालीं सुरू झालेल्या ट्रान्स-हार्बर मार्गाच्या गाडीनें नेरूळ गांठतात. ठाणेंकरही त्याच गाडींत चढतात. जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. त्याच्या दाराशीं पोंचलेल्या प्रत्येकाच्या तिकिटावर दरवाजा, रांग आणि खुर्चीचा क्रमांक दिलेला असतो; पण त्या खुर्चींतून चेंडू कितपत दिसेल, हें त्यावर कोठेंच लिहिलेलें नसतें. मनुष्य पैसे मोजतो ते पाहण्यासाठीं, आणि त्याच्या पदरांत पडते ती बसण्याची जागा. या दोहोंत किती अंतर असूं शकतें, याची कथा दोन हजार वर्षांची आहे. आणि ज्या शहरांना आपलीं क्रीडांगणें अजून बांधावयाचीं आहेत, त्यांनीं ती ऐकून ठेवण्यासारखी आहे.

ठाणें महानगरपालिकेच्या मैदानाचें नांव दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृह असें आहे. ‘स्टेडियम’ या परकी शब्दाऐवजीं ज्यानें हा शब्द योजिला, त्यानें नकळत एक मोठी गोष्ट सांगून ठेविली आहे. खेळाडूंचें तें क्रीडांगण; परंतु ज्या क्षणीं त्याच्याभोंवतीं पायऱ्या बांधल्या जातात, त्या क्षणीं तें प्रेक्षकाचें घर होतें. घर बांधणारानें घरांत राहणाराचा विचार केला नाहीं, तर त्या घराला नुसत्या भिंतीच उरतात.

पाहणाराची सोय करण्याचे मार्ग दोनच आहेत. एक तर दृश्य उंच करावें, नाहीं तर पाहणाराला उंचावर बसवावें. २०१७ च्या फेब्रुवारींत डोंबिवलीच्या ह. भ. प. सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलांत नव्वदावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. तेथें सपाट जमिनीवर खुर्च्या मांडून भागलें, कारण वक्ते उंच व्यासपीठावर होते. मासुंदा तलावाकांठच्या गडकरी रंगायतनासारख्या नाट्यगृहांत दोन्ही युक्त्या एकत्र येतात: रंगमंच उंच आणि बैठक उतरती. फुटबॉलला यांपैकीं पहिला मार्ग बंद आहे. तेथील नायक म्हणजे चेंडू. तो गवतावरून सरपटतो, आणि त्याला व्यासपीठावर चढवितां येत नाहीं. म्हणून पाहणारालाच चढविणें प्राप्त होतें.

कल्याणच्या सुभाष मैदानासारख्या सपाट जागेवर सामना चालला असतां काय होतें, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला अधिक सांगावयास नको. रेषेलगतची पहिली रांग सुखानें पाहते. दुसरी तिच्या खांद्यांमधून पाहते. तिसरी टांचा उंचावते. चौथ्या रांगेंतला मनुष्य सामना पाहत नाहीं, तो ऐकतो. आणि बापाच्या खांद्यावर बसण्याचें वय ज्याचें उलटलें आहे अशा मुलाला तेंही सुख नाहीं. मैदानाभोंवतीं दहा हजार माणसें जमलीं असें म्हणावें, तर त्यांतील प्रेक्षक किती आणि नुसते उपस्थित किती, हा प्रश्न उरतोच.

ग्रीकांनीं डोंगराच्या उतारावर पायऱ्या खोदून याचें उत्तर शोधलें. रोमन लोकांनीं सपाट भूमीवर कमानींचा डोंगरच रचला. इसवी सन ८० मध्यें खुल्या झालेल्या रोमच्या कोलोसियमला भोंवतीं ऐंशीं प्रवेशद्वारें होतीं, कारण चढविलेल्या माणसांना सुखरूप उतरवावेंही लागतें, हें त्या स्थापत्यकारांना ठाऊक होतें. परंतु पायरी नेमकी किती उंच असावी, याचा गणिती हिशेब मांडला तो एका स्कॉटिश अभियंत्यानें. जॉन स्कॉट रसेल हें त्याचें नांव. ‘ग्रेट ईस्टर्न’ ही महानौका पुढें त्याच्याच गोदींत बांधली गेली. १८३८ सालीं त्यानें सभागृहांविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. श्रोत्याला वक्ता दिसावा आणि ऐकूं यावा, यासाठीं प्रत्येक रांग पुढच्या रांगेच्या डोक्यावरून किती वर गेली पाहिजे, हा त्याचा विषय होता. त्याचा निष्कर्ष असा कीं, सरळ उतार पुरत नाहीं. बैठक जसजशी मागें जाते तसतसा तिचा चढ वाढत गेला पाहिजे. तिची आकृति शिडीसारखी सरळ न ठेवतां परातीच्या कडेसारखी वर वळती असावी.

हें गणित एका उदाहरणानें सहज समजेल. मागच्याच्या डोळ्यांपासून मैदानाच्या कडेच्या रेषेपर्यंत एक दोरी ताणली आहे अशी कल्पना करावी. ही दोरी पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, त्या अंतरावर सर्व कांहीं अवलंबून आहे. तें बारा सेंटिमीटर असलें तर पुढचें डोकें पूर्ण टळतें. नऊ असलें तर दृश्य चांगलें समजतात. सहा म्हणजे दोन डोक्यांमधून वाट काढीत पाहणें, आणि त्याखालीं केवळ मनस्ताप. आतां प्रत्येक रांग ८० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच धरावी, आणि पहिल्या रांगेंतील प्रेक्षकाचे डोळे रेषेपासून आठ मीटर दूर व मैदानापासून दोन मीटर उंच धरावेत. त्याच्या मागच्याला नऊ सेंटिमीटरांची मोकळीक मिळते, म्हणजे तो समाधानी आहे. त्याच उतारानें वीस रांगा मागें गेलें कीं ही मोकळीक तीन सेंटिमीटरांवर येते. पायरी तीच, चढ तोच, तिकीटही कदाचित् त्याच दराचें. पण विसाव्या रांगेपलीकडचा मनुष्य पुढच्याच्या केसांची तपासणी करीत बसतो. त्याला नऊ सेंटिमीटर परत द्यावयाचे तर तेथील पायरी ३६ सेंटिमीटरांहून उंच करावी लागते. उंच पायरी म्हणजे अधिक उंच इमारत आणि अधिक खर्च. शिवाय चढ सुमारे ३४ अंशांपलीकडे गेला तर माणसाला उतरतांना भोंवळ येते. म्हणून ती मर्यादा मानली जाते. क्रीडाप्रेक्षागृहाचा सारा आराखडा या ओढाताणींतून जन्माला येतो.

महाराष्ट्रांत या शास्त्राचें पहिलें भव्य दर्शन घडलें तें कुस्तीच्या निमित्तानें. १९०२ सालीं शाहू छत्रपति विलायतेच्या प्रवासाला गेले असतां त्यांनीं रोमचें तें प्राचीन क्रीडागार पाहिलें, आणि कोल्हापुरांत तसें कांहीं उभारावें असें त्यांच्या मनानें घेतलें. १९१२ सालीं पूर्ण झालेलें खासबाग कुस्ती मैदान हें त्याचें फळ होय. मध्यभागीं तांबड्या मातीचा हौदा आणि त्याभोंवतीं चढत गेलेली गोल बैठक. त्याची क्षमता साठ हजारांच्या घरांत सांगितली जाते. परंतु त्याची खरी कीर्ति वेगळी आहे. शेवटच्या रांगेंतल्या शेतकऱ्यालाही कोणत्या मल्लानें कोणता पेंच टाकला हें दिसावें, असा त्या रचनेचा हेतु होता. राजाच्या बैठकीपुरती सोय करून कारागीर थांबला नाहीं.

खासबागेला एक गोष्ट अनुकूल होती. हौदा लहान असतो आणि दोन मल्ल एकाच जागीं झुंजतात. त्यामुळें हजारों माणसें त्याच्याभोंवतीं दाट बसूं शकतात. फुटबॉलचें मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे सात हजार चौरस मीटरांहून मोठें असतें, आणि चेंडू क्षणांत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो. म्हणून येथें उंचीइतकेंच अंतरही महत्त्वाचें ठरतें. फुटबॉलसाठीं असा दंडक सांगितला जातो कीं, प्रेक्षक शक्यतों मैदानाच्या मध्यबिंदूपासून ९० मीटरांच्या वर्तुळांत असावा आणि कोणत्याही कोपऱ्यापासून १९० मीटरांहून दूर नसावा. त्यापलीकडे चेंडू म्हणजे हलणारा ठिपका.

आणि येथेंच ठाणें जिल्ह्यांतील प्रेक्षकाची खरी अडचण सुरू होते. नेरूळचें स्टेडियम मुळांत क्रिकेटचें आहे. ४ मार्च २००८ रोजीं तें खुलें झालें, आणि त्याच वर्षीं इंडियन प्रीमियर लीगचा पहिला अंतिम सामना तेथें झाला. वास्तुविशारद हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनीं त्याचें छप्पर असें रचलें कीं त्याला प्रेक्षकांच्या मधोमध एकही खांब नाहीं. हा गुण थोर आहे. जुन्या इंग्रजी मैदानांच्या छपरांना लोखंडी खांबांची रांग असे, आणि प्रत्येक खांब आपल्यामागें बसणाऱ्यांच्या दृष्टींतून मैदानाचा एक तुकडा कापून नेई. नेरूळला ती पीडा नाहीं. तेथें फुटबॉलही मोठा झाला. २० डिसेंबर २०१४ रोजीं इंडियन सुपर लीगचा पहिला अंतिम सामना, २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने, ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं आशियाई महिला चषकाचा अंतिम सामना, आणि त्याच वर्षीं ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, हे सारे तेथेंच झाले.

परंतु भूमिति कोणाचीही भीड ठेवीत नाहीं. क्रिकेटचें मैदान साधारणतः ७० मीटर त्रिज्येचें गोल धरावें. त्यांत फुटबॉलचा चौकोन आंखला तर लांब बाजूंना, जेथून खेळ उत्तम दिसावयाचा, तेथेंच रेषा आणि पहिला प्रेक्षक यांमध्यें ३६ मीटर गवत रिकामें राहतें. गोलखांबांच्या मागें हें अंतर साडेसतरा मीटर होतें. त्या भोंवतालच्या मोकळ्या पट्ट्यासह पहिली रांग मध्यबिंदूपासून ७५ मीटरांवर सुरू झाली, तर ९० मीटरांच्या वर्तुळांत जेमतेम अठरा रांगा बसतात. बाकीच्या हजारों खुर्च्या त्याबाहेर पडतात. केवळ फुटबॉलसाठीं बांधलेल्या मैदानांत पहिली रांग रेषेपासून आठ मीटरांवर असते, आणि लांब बाजूच्या मध्यावर त्याच वर्तुळांत साठ रांगा मावतात.

धांवण्याच्या मार्गाची कथा याच्या उलट आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं पुण्याजवळ बालेवाडीचें श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुल उभें राहिलें. पुढें तेथें इंडियन सुपर लीगमधील पुण्याचा संघही खेळला. तेथें फुटबॉलच्या चौकोनाभोंवतीं धांवण्याचा मार्ग आहे. चारशें मीटरांच्या आठपदरी मार्गाची बाहेरची कडा लांब बाजूंना रेषेपासून सुमारें बारा मीटरांवरच येते, परंतु गोलखांबांमागें ती छत्तीस मीटर दूर जाते. थोडक्यांत, क्रिकेट बाजूच्या प्रेक्षकाला दूर लोटतें आणि धांवण्याचा मार्ग टोकाच्या प्रेक्षकाला. ‘सर्व खेळांसाठीं एकच मैदान’ ही घोषणा कानाला गोड लागते. तिची किंमत मात्र कोणा तरी प्रेक्षकाच्या डोळ्यांनीं मोजावी लागते. पॅरिसजवळ १९९८ सालीं उघडलेल्या स्ताद द फ्रान्सनें खालची बैठकच मागेंपुढें सरकणारी करून हा पेंच सोडविला. परंतु असा खर्च राष्ट्रानें करावा, नगरपालिकेला तो झेंपणारा नव्हे.

आतां क्षमतेचा प्रश्न. मैदानांत किती माणसें मावतात, या आंकड्याचा मोह फार जुना आहे, आणि त्यानें बळीही घेतले आहेत. ५ एप्रिल १९०२ रोजीं ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर इंग्लंड-स्कॉटलंड सामना चालू असतां उभ्या प्रेक्षकांच्या भारानें लांकडी फळ्या कोसळल्या आणि २५ माणसें मृत्युमुखीं पडलीं. ९ मार्च १९४६ रोजीं बोल्टनच्या बर्नडेन पार्कवर गर्दीच्या दाबाखालीं ३३ जण गेले. १९७१ सालीं आयब्रॉक्सच्याच एका जिन्यावर बाहेर पडतांना ६६ जण चेंगरले. या मातृभूमीलाही तें दुःख ठाऊक आहे: १६ ऑगस्ट १९८० रोजीं कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यांत दंगल व चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक मरण पावले. शेवटीं १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरील दुर्घटनेनें, जिच्यांतील मृतांची संख्या ९७ झाली, इंग्लंडचे डोळे उघडले. १९९० सालीं न्यायमूर्ति टेलर यांच्या अहवालानें शिफारस केली कीं, मोठ्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला स्वतःची खुर्ची असावी.

खुर्ची आली कीं आंकडा उतरतो. उभ्या प्रेक्षकांसाठीं ब्रिटनच्या नियमांनीं दहा चौरस मीटरांत जास्तींत जास्त ४७ माणसें ठरविलीं. अर्धा मीटर रुंदीची खुर्ची आणि ८० सेंटिमीटरांची रांग धरली तर तेवढ्याच जागेंत पंचवीसच बसतात. वाटा सोडल्या तर त्याहूनही कमी. १९५० सालीं रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझील-उरुग्वे सामन्याला सुमारें पावणेदोन लाख तिकिटें गेलीं होतीं. आज तें मैदान ऐंशीं हजारांच्याही आंतलें आहे. कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर १९९७ सालीं एका सामन्याला सव्वा लाखाहून अधिक माणसें होतीं. २०१७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला तेथें सुमारें ६६ हजार बसलीं.

मुंबईंतही हेंच घडलें. १९३७ सालीं चर्चगेटजवळ ब्रेबोर्न स्टेडियम उभें राहिलें. पुढें तेथील आसनांच्या वांटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यांत वाद वाढला, आणि त्या वादांतून हांकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम उठलें. जानेवारी १९७५ मध्यें तेथें पहिला कसोटी सामना झाला. खुर्च्यांच्या भांडणांतून दुसरें स्टेडियम जन्मावें, यावरून खुर्चीचें मोल कळावें. २०११ च्या विश्वचषकासाठीं वानखेडेचें नूतनीकरण झालें तेव्हां बांकें काढून स्वतंत्र खुर्च्या बसविल्या गेल्या, आणि सुमारें ४५ हजारांची क्षमता सुमारें ३३ हजारांवर आली. बारा हजार जागा गेल्या म्हणून हळहळ करणारे कांहीं निघाले. परंतु त्या बारा हजारांपैकीं कित्येक जागा म्हणजे दुसऱ्याच्या मांडीवरून उसनी घेतलेली वीतभर जागा होती, हें बांकावर बसलेल्याला चांगलें आठवत असेल.

आंकडा उतरला म्हणजे प्रेक्षागृह लहान झालें, असा समज सोडून द्यावा लागतो. या दृष्टीनें ठाणें आणि कल्याण-डोंबिवली यांच्याकडे पाहिलें तर चित्र निराशेचें नाहीं. २०११ च्या जनगणनेंत ठाणें शहराची वस्ती १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांहून अधिक होती. तीस लाखांच्या या वस्तीला पन्नास हजारांचें दुसरें स्टेडियम हवें, असें कोणी म्हणेल. परंतु एक लहानसा हिशेब अधिक बोलका आहे. केवळ फुटबॉलच्या चौकोनाभोंवतीं चारी बाजूंना फक्त दहा रांगा बांधल्या, तर जाण्यायेण्याच्या वाटा सोडूनही साडेपांच-सहा हजार खुर्च्या होतात. मुंबईच्या कूपरेज मैदानाची क्षमता याच्याच आसपास आहे. आणि त्यांतील शेवटची, दहावी रांग रेषेपासून सोळा मीटरांवर असेल. म्हणजे त्या लहान मैदानाच्या शेवटच्या रांगेंतला मनुष्य, क्रिकेटच्या भव्य मैदानाच्या पहिल्या रांगेंतल्या मनुष्याहून निम्म्याहून कमी अंतरावरून तोच खेळ पाहील.

म्हणून पुढेंमागें या शहरांत एखाद्या क्रीडाप्रेक्षागृहाचा आराखडा लोकांपुढें आला, तर नागरिकांनीं पहिला प्रश्न ‘किती माणसें मावतील?’ हा करूं नये. पहिली रांग रेषेपासून किती दूर आहे? शेवटच्या रांगेंतून जवळची रेषा दिसते कीं पुढचें डोकें दिसतें? आणि सामना संपल्यावर सारे लोक आठ मिनिटांत मोकळ्या जागेवर येऊं शकतील काय, ज्या मर्यादेचा इंग्लंडनें इतक्या मृत्यूंनंतर स्वीकार केला? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें कागदावर, पट्टी आणि पेन्सिलीनें, पाया खोदण्यापूर्वीं काढतां येतात. काँक्रीट ओतल्यावर तीं बदलतां येत नाहींत.

या सर्व हिशेबांत एक प्रेक्षक नेहमीं वगळला जातो. आराखड्यांतील तो बारा सेंटिमीटरांचा किंवा नऊ सेंटिमीटरांचा माप सर्वांची उंची सारखी धरून काढलेला असतो. पण मैदानावर दहा वर्षांची मुलगी येते, वृद्ध आजोबा येतात, आणि त्यांच्यापुढें एखादा धिप्पाड गृहस्थ येऊन बसतो. त्या मुलीला उभें राहूं न देतां, कोणाच्या खांद्यावर न चढवितां, गोल होतांना दिसला, तर तें प्रेक्षागृह नांवाला साजेसें झालें असें समजावें. परतीच्या गाडींत ठाण्याला फलाट बदलतांना तिनें तो गोल हातवारे करून दुसऱ्याला समजावून सांगितला, म्हणजे बांधणाराचे श्रम सार्थकीं लागले.